तंटा मिटला, मार थांबला काय?

गावातील एखादी विवाहिता मार खाऊन माहेरी येते. दोन-चार दिवसांनी दोन्हीकडची प्रतिष्ठित मंडळी देवळाच्या ओट्यावर जमतात. चहा होतो, नवऱ्याला चार शब्द सुनावले जातात, बाईला ‘थोडे सोसायला शीक’ असा उपदेश होतो, कागदावर सह्या-अंगठे होतात आणि संध्याकाळच्या एस. टी.ने तिला परत नांदायला धाडले जाते. याला आपल्याकडे तंटा मिटला असे म्हणतात. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधींच्या नावाने तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि या मिटवामिटवीला शासकीय प्रतिष्ठा लाभली. किती तंटे मिटले यावर गावांचे पुरस्कार ठरू लागले. बांधाची भांडणे आणि वर्षानुवर्षे कुजत पडलेले दिवाणी दावे गावातच निकाली निघाले असतील, गरिबाचे कोर्टाचे हेलपाटे वाचले असतील, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु बांधाचे भांडण आणि बायकोला होणारी मारहाण या एकाच जातीच्या गोष्टी आहेत असे समजून जेव्हा दोहोंना एकच मलमपट्टी लावली जाते, तेव्हा मोठा घात होतो. बांधाच्या भांडणात समेट झाल्यावर दोन्ही पक्ष आपापल्या घरी जातात. येथे एक पक्ष दुसऱ्याच्या घरी, त्याच्याच ताब्यात परत जातो.

सहा महिन्यांनी त्या घराचे दार ठोठावून ‘मार थांबला काय?’ असे कोणी विचारीत नाही. समिती विचारीत नाही, पोलीस पाटील विचारीत नाही. आणि ज्यांनी विचारावे अशी आपली अपेक्षा, ते चळवळीतील कार्यकर्तेही बहुधा विचारीत नाहीत. कौटुंबिक हिंसेच्या प्रतिबंधाचा सारा प्रश्न या न विचारलेल्या प्रश्नात सामावलेला आहे. तो प्रश्न चिकाटीने, पद्धतशीरपणे आणि सुरक्षितपणे विचारणे याचेच नाव संशोधन. आणि तो विचारण्याची पाळीच येऊ नये म्हणून मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयात असतानाच त्याच्याशी बोलू लागणे याचे नाव शिक्षण. दोन्ही शब्द जड वाटतात, विद्यापीठाच्या इमारतीत शोभणारे वाटतात. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे वस्तीतच होतात आणि वस्तीतल्या माणसांवाचून होतच नाहीत.

प्रथम आकड्यांकडे पाहू. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने १९९८-९९ च्या फेरीत प्रथमच स्त्रियांना मारहाणीविषयी विचारले आणि २००५-०६ पासून हे प्रश्न अधिक सविस्तरपणे विचारले जाऊ लागले. २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित अथवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा पतीच्या हातून शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हा आकडाही कमीच धरला पाहिजे, कारण परक्या बाईने वही घेऊन विचारले असता जे ओठांवर येते तेवढेच त्यात मोजले जाते. त्याहून अस्वस्थ करणारी बाब पुढेच आहे. ज्यांनी हिंसा सोसली त्यांपैकी कोणाचीही मदत मागितलेल्या स्त्रिया सुमारे १४ टक्के निघाल्या. चारांतील तिघींनी मदत तर मागितली नाहीच, पण आई-बहिणीजवळसुद्धा त्याचा उच्चार केला नाही. म्हणजे देवळाच्या ओट्यावर येणारे तंटे हे हिमनगाचे टोकसुद्धा नव्हेत. ज्या गावात एकही तंटा नोंदला गेला नाही ते गाव सुखी आहे की मुके आहे, हे पुरस्कार देणाऱ्यांना कसे कळणार?

याच पाहणीत दुसरा एक प्रश्न असतो. बायकोने न सांगता घराबाहेर जाणे, मुलांची हेळसांड करणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे अशा सात प्रसंगांपैकी एखाद्या प्रसंगी नवऱ्याने तिला मारणे योग्य आहे काय, असे विचारले जाते. ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका प्रसंगी तरी ते योग्य मानले. हिंसा ही काही माथेफिरूंची विकृती नसून समाजाने संमत केलेली रीत आहे, याचा याहून वेगळा पुरावा शोधावयास नको. मार खाणारीला मार अन्याय्य वाटण्याआधी आपलीच काही चूक झाली असे वाटते आणि मारणाऱ्याला आपण गुन्हा करीत आहोत असे वाटत नाही; तो आपले कर्तव्य बजावीत असतो. तुरुंगाची भीती अशा माणसाला थोडी आवरील, पण त्याच्या मनातील न्यायाची कल्पना ती बदलणार नाही.

येथे आपल्या पक्षातील आणि एकूणच डाव्या चळवळीतील एका जुन्या समजुतीला हात घातला पाहिजे. दारिद्र्य आणि दारू या दोन गोष्टी गेल्या की घरातील मारहाण आपोआप जाईल, असे आपल्यापैकी अनेकांना मनापासून वाटते. या समजुतीत तथ्यांश नाही असे नव्हे. ज्यांचे नवरे वारंवार झिंगून घरी येतात त्या स्त्रियांत हिंसेचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट आढळते, आणि गरीब घरांत ते श्रीमंत घरांपेक्षा अधिक आढळते. धुळे जिल्ह्याच्या शहादे भागातील भिल्ल स्त्रियांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी जे केले ते आपल्या चळवळीच्या इतिहासातील एक तेजस्वी पान आहे. जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यात श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली उतरलेल्या या स्त्रियांना शिबिरात बोलण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी सावकार-जमीनदारांबरोबरच घरातल्या माराचीही कहाणी सांगितली; आणि मग गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी सर्वांसमक्ष जाब विचारला. या स्त्रियांना कोणत्या संशोधन संस्थेने शिकविले नव्हते. तरीही आज जगभरचे अभ्यासक ज्या निष्कर्षाशी येऊन पोहोचले आहेत तो त्यांनी आचरणाने आधीच मांडला होता : घरातील हिंसा चार भिंतींतून बाहेर काढून सामुदायिक प्रश्न केल्यावाचून ती हटत नाही.

मात्र ज्यांचे नवरे दारूला स्पर्शही करीत नाहीत अशा स्त्रियांपैकीही पाचांत एकीहून अधिक स्त्रियांनी मार खाल्लेला आहे. संपत्तीच्या सर्वांत वरच्या पायरीवरची घरेही यातून सुटलेली नाहीत. दारू हात उगारायला निमित्त पुरविते; हात उगारण्याचा अधिकार ती देत नाही, तो आधीच दिलेला असतो. आणि मडके फोडून दारू थांबली तरी तो अधिकार कोणी काढून घेतलेला नसतो.

तो अधिकार कशाने क्षीण होतो याविषयीचा एक अभ्यास समाजवादी कार्यकर्त्याने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल या अर्थशास्त्रज्ञांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे ५०० स्त्रियांची पाहणी करून २००५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या स्त्रियांच्या नावे जमीनही नव्हती आणि घरही नव्हते, त्यांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीचा मार खाल्लेला होता. केवळ जमीन नावावर असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर नावावर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के आढळले. केरळ म्हणजे साक्षरतेत देशात अग्रेसर राज्य. तेथेही निव्वळ शिक्षणाने जे साधले नाही ते दाराच्या चौकटीवरील मालकीने साधलेले दिसते. याचे कारण अवघड नाही. जिला जायला जागा आहे ती निघून जाऊ शकते आणि ती जाऊ शकते हे नवऱ्याला ठाऊक असते. बहुतेक वेळा तिला जावेही लागत नाही.

एका जिल्ह्याच्या पाहणीवरून साऱ्या देशाचा निर्णय करू नये हे खरे. मालमत्ता असलेल्या स्त्रिया इतरही अनेक बाबतींत वेगळ्या असतील, अशी शंका घेता येते. अभ्यासकांनी शिक्षण, उत्पन्न, नवऱ्याचे व्यसन इत्यादी गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरला, हे त्यावरचे उत्तर आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींशी समाजवाद्यांचे मतभेद जगजाहीर आहेत. तथापि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’च्या हाकेने शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करावयास लावली, ते काम कौटुंबिक हिंसेच्या प्रतिबंधाचेच होते, मग त्याला तसे नाव कोणी दिले नसेना का. बाईच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा करण्याची योजना आपल्या राज्यात २०२४ साली निघाली. बाईच्या हाती पैसा आला याचा आनंदच आहे. पण दीड हजारात छप्पर मिळत नाही, आणि मध्यरात्री घराबाहेर काढलेल्या बाईला पहिली गरज छपराचीच असते.

आता शिक्षणाकडे वळू. १९९१ साली मुंबईतील एका पत्रकाराने इंग्रजी दैनिकात एक छोटी जाहिरात दिली : बायकोला मारणे चूक आहे असे मानणारे पुरुष हवे आहेत. वाचणाऱ्यांना थट्टा वाटली असेल, पण दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तरे पाठविली. त्यातूनच पुढे १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही हिंसाविरोधी पुरुषांची संघटना उभी राहिली आणि तरुणांच्या गटांतून, पथनाट्यांतून, ‘पुरुष स्पंदन’ या दिवाळी अंकातून ती काम करीत आली. स्त्रियांना जागे करण्याचे काम स्त्री संघटनांनी आधीपासून चालविलेच होते. पुण्यात १९८२ साली तरुण विवाहितांच्या मृत्यूंनी शहर हादरल्यावर नारी समता मंच उभा राहिला, गोरेगावात मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने ‘स्वाधार’ने संकटग्रस्त स्त्रियांना आधार दिला. परंतु मार खाणारीला शहाणे करून सोडायचे आणि मारणाऱ्याला तसेच ठेवायचे, हा अर्धवट उपाय होता. जाग्या झालेल्या बाईला घरी जाऊन झोपलेल्या नवऱ्याशीच संसार करावा लागत असे, आणि तिच्या जागेपणाचीही शिक्षा कधी कधी तिलाच भोगावी लागे.

मुलगा हे सारे शिकतो कोठे? पहिली शाळा घर. ज्या स्त्रियांनी लहानपणी आपल्या आईला मार खाताना पाहिले, त्यांच्या वाट्याला पुढे स्वतःच्या संसारात हिंसा येण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे आपल्या पाहणीतून वारंवार दिसले आहे. आईला मार खाताना पाहणारा मुलगाही त्याच पाटीवर मुळाक्षरे गिरवीत असतो. घरात शिकलेले शाळेने पुसून टाकावे, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे वाटेल. पण प्रयत्न झाले आहेत आणि त्यांचे मोजमापही झाले आहे. मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांतून २००८ ते २०१० या काळात सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी समतेच्या शिक्षणाचा एक उपक्रम चालविला गेला. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, चेंबूरच्या वस्त्यांतून वाढलेली ‘कोरो’ ही संस्था आणि एक आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र त्यात होते. खेळ, चर्चा, नाटुकली, विद्यार्थ्याने स्वतः भरायची वही अशी त्याची रीत होती. मुलांच्या मतांत स्पष्ट फरक पडला. आचरणाचा, विशेषतः मुलामुलांतील मारामाऱ्यांचा, हिशेब मात्र तितका सरळ लागला नाही. आणि संशोधकांनी तो तसाच मांडला, हे त्यांना भूषणावह आहे.

यापुढचा मोठा प्रयोग हरियाणात झाला. मुलींची संख्या घटल्यामुळे बदनाम झालेले हे राज्य. तेथील चार जिल्ह्यांतल्या ३१४ सरकारी शाळा निवडून त्यांपैकी निम्म्यांत सुमारे अडीच वर्षे, दर तीन आठवड्यांनी एक तास, स्त्री-पुरुष संबंधांवर वर्गात मोकळी चर्चा घेतली गेली. उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने वर्ग चालविले आणि अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मोजमाप केले. विषमतेला अनुकूल असलेली मते बरीच बदलली, मुलगे घरकामाला हात लावतो असे सांगू लागले, आणि मुख्य म्हणजे वर्ग संपून दोन वर्षे झाल्यावरही हा परिणाम ओसरला नव्हता. अडीच वर्षे आणि दर तीन आठवड्यांनी एक तास : यात चमत्कार नाही, खर्चाचा डोंगर नाही, फक्त सातत्य आहे. आपल्याकडे २५ नोव्हेंबरला महिला हिंसाविरोधी दिन येतो, १० डिसेंबरपर्यंत पंधरवडा साजरा होतो, प्रभातफेरी निघते, रांगोळी स्पर्धा होते, मंत्रिमहोदयांच्या छायाचित्राचे फलक लागतात. अकरा महिने आणि दोन आठवडे मग शांतता. प्रभातफेरीने कोणाचा हात थांबल्याचे आजवर कोणत्याही अभ्यासात आढळलेले नाही.

दूरच्या युगांडातील एक दाखला येथे उपयोगी पडेल, कारण त्याची रीत आपल्या कार्यकर्त्याला ओळखीची वाटेल. कंपाला शहरातील आठ गरीब वस्त्यांपैकी चारांत स्थानिक स्त्री-पुरुष स्वयंसेवकांनी काही वर्षे सतत काम केले. चार वस्त्या तुलनेसाठी होत्या. व्याख्याने नव्हती. पाणवठा, केशकर्तनालय, दुकानाची पायरी अशा जागी गप्पांतून एकच विषय फिरत राही : सत्ता म्हणजे काय, ती कोणाच्या हाती असते आणि ती दुसऱ्याच्या छातीवर बसण्यासाठी वापरायची की त्याच्यासोबत उभे राहण्यासाठी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, काम झालेल्या वस्त्यांतील गेल्या वर्षभरातल्या शारीरिक हिंसेचे प्रमाण इतर वस्त्यांच्या मानाने निम्म्याच्या आसपास आढळले. वस्त्या थोड्या, म्हणून आकडा सावधपणे घ्यावा. पण पारावर बसून सत्तेविषयी बोलणे हे काम जर कोणाला येत असेल तर ते राजकीय कार्यकर्त्याला. गावातील सावकाराच्या सत्तेविषयी तो तासन्‌तास बोलतो. स्वतःच्या उंबरठ्याच्या आतील सत्तेविषयी त्याची वाणी मात्र अडखळते.

कायद्याच्या बाजूने आपण रिकाम्या हाताचे नाही. १९८३ मध्ये पतीच्या क्रूरतेचा गुन्हा भारतीय दंडविधानात आला, १९८६ मध्ये हुंडाबळीचा गुन्हा आला. हुंडाविरोधी कायदा कडक व्हावा म्हणून लोकसभेत प्रमिला दंडवते यांनी झगडा केला होता, हे तरुण साथींना सांगितले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा नव्या न्यायसंहितेने घेतली तरी हे गुन्हे तिच्यात कायम आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला आणि त्याने प्रथमच बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला. या कायद्याचे अकरावे कलम फारसे कोणी वाचीत नाही. कायद्याची व्यापक प्रसिद्धी करणे आणि पोलीस, न्यायाधीश व सरकारी अधिकारी यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण देणे हे त्यात सरकारचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. म्हणजे शिक्षण ही कोणा संस्थेची हौस नसून कायद्याने सरकारच्या गळ्यात घातलेली जबाबदारी आहे. ती कशी पाळली गेली? संरक्षण अधिकाऱ्याचे काम अनेक ठिकाणी दुसऱ्याच पदावरच्या माणसाकडे जादा म्हणून सोपविले गेले. कायदा होऊन वीस वर्षे होत आली असता, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना तालुका पातळीपर्यंत असे अधिकारी नेमा म्हणून बजावावे लागले. निर्भया निधी २०१३ साली उभा राहिला आणि त्यातील पैसे वर्षानुवर्षे न खर्चता पडून राहिले.

तरी जेथे एखादी यंत्रणा मन लावून उभारली गेली तेथे काय होऊ शकते, हेही मुंबईनेच दाखविले आहे. १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती तेथे बाईचे ऐकून घेऊ लागली. पुढे राज्य शासनाने हे कक्ष इतर जिल्ह्यांतही नेले. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उघडले. त्यामागचा विचार साधा होता. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही, पण रुग्णालयात तिला यावेच लागते. ‘जिन्यावरून पडले’, ‘न्हाणीघरात घसरले’ असे केसपेपरवर लिहिले जाते, टाके घातले जातात आणि ती परत जाते. परिचारिकेने आणि डॉक्टरने आडोशाला नेऊन, आवाज खाली ठेवून, ‘घरी कोणी मारते का?’ असे विचारायला शिकावे, इतकेच आरंभी ठरले. ते शिकविणे मात्र सोपे नव्हते, कारण शिकणाऱ्यांच्याही घरी तेच संस्कार होते. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांत ही केंद्रे गेली आणि अन्य राज्यांनीही त्यांचे अनुकरण केले. पहिल्या टाक्याच्या वेळी विचारले गेले तर दहाव्या टाक्याची वेळ टळते. म्हणून उपचाराचे हे काम प्रतिबंधाचेही आहे.

येथे आपली एक तक्रार नोंदविली पाहिजे. यांतील बहुतेक चांगले प्रयोग देणग्यांवर चालले. देणगी दोन वर्षांची, तीन वर्षांची. तेवढ्यात अहवाल छापला जातो, परिषदेत वाचला जातो आणि प्रकल्प गुंडाळला जातो. मुलांना प्रश्न विचारायला शिकविलेला शिक्षक पुन्हा जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामाला जुंपला जातो. जे परिणामकारक ठरल्याचे सिद्ध झाले ते सरकारने आपल्या अंदाजपत्रकात घ्यायचे नाही आणि जे निष्प्रभ आहे त्यावर फलक रंगवीत बसायचे, अशी ही उफराटी रीत आहे. तसेच प्रतिबंधाचे काम आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या डोक्यावर बिनपगारी टाकून मोकळे होण्याचा मोह सरकारला होईल, तो वेळीच हाणून पाडला पाहिजे. ज्यांना स्वतःच्या मानधनासाठी आझाद मैदानावर बसावे लागते त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादणे हीसुद्धा एक हिंसाच होय.

‘हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे, याने घरे मोडतील’ असा आक्षेप घेतला जातो. ज्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेथे कोणती परदेशी देणगी पोहोचली होती? घर मोडते ते माराने. तो मार उजेडात आणणाऱ्या प्रश्नाने नव्हे. दुसरा आक्षेप आपल्या गोटातून येतो : असल्या प्रश्नांनी कष्टकऱ्यांची एकजूट फुटते. शहाद्याच्या स्त्रियांनी मजुरीचा लढा सोडून मडकी फोडली नव्हती; दोन्ही एकाच वेळी केले होते, आणि संघटना त्याने बळकटच झाली. संगमनेर तालुक्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी घरोघर हिंडून परित्यक्ता स्त्रियांची पाहणी केली आणि १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरविली. तोवर ‘नवऱ्याने टाकलेली’ ही प्रत्येक घराची खासगी लाज होती. मोजणी झाल्यावर ती तालुक्याचा राजकीय प्रश्न झाली. खांद्याला शबनम पिशवी लावून, वही-पेन्सिल घेऊन हिंडलेल्या कार्यकर्त्यांचे हे संशोधन होते.

म्हणून आपल्या शाखांपुढे काही कामे ठेवतो. जेथे आपले साथी तंटामुक्ती समितीवर अथवा पंचांत बसतात, तेथे मारहाणीचे प्रकरण ‘मिटवून’ बाईला परत धाडण्याच्या कागदावर त्यांनी सही करू नये. बाईला संरक्षण अधिकाऱ्याचे, विशेष कक्षाचे अथवा सखी केंद्राचे दार दाखवावे; आणि ती स्वतःच्या इच्छेने परत गेली तर महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी एखाद्या स्त्री कार्यकर्तीने तिला एकटीला गाठून विचारपूस करावी. नवऱ्यासमोर विचारू नये, फोनवर निरोप ठेवू नये. तिने जे सांगितले ते तिच्या नावानिशी कोठे लिहू नये. जिल्हा परिषदेत आपले सदस्य आहेत तेथे त्यांनी शाळांतील समतेच्या तासाचा प्रश्न अंदाजपत्रकाच्या बैठकीत मांडावा, शिक्षकाच्या वेळेसह आणि पैशासह. ठरावाच्या सदिच्छेवर समाधान मानू नये. पक्षाच्या अभ्यासशिबिरांत या विषयाचे सत्र असते तेव्हा ते महिला आघाडीकडे सोपवून पुरुष कार्यकर्ते बाहेर विडी ओढीत उभे राहतात, हा प्रघात बंद व्हावा. ते सत्र मुख्यत्वे त्यांच्यासाठीच असते.

आणि गावपातळीवर ताबडतोब करण्यासारखे एक काम आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करता येते. शासनाचा आदेश जुना आहे, अंमलबजावणी गावागणिक निराळी आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला, तेव्हा घरातल्या रूढींत ग्रामसभेने पडावे काय, असा प्रश्न कोणाला पडला नाही. उलट राज्य शासनाने इतर गावांना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे आणि बहुतेक गावांत ती सभा कागदावर उरकली जाते. येत्या सभेत आपल्या कार्यकर्त्यांनी गावातील किती घरे दोघांच्या नावे आहेत ही यादी ग्रामसेवकाकडून मागून घ्यावी, ती मोठ्याने वाचावी, आणि त्या यादीत आपल्या शाखेच्या पदाधिकाऱ्यांची घरे कोठे आहेत हेही त्याच सभेत सांगावे.